लिंबात शिजलेल्या गोगलगायी

आमच्याकडे लावणीच्या दिवसांत माणसं मिळायची मारामार असते, पण माझं शेत कधी अडलं नाही. ते काही माझ्या गोड स्वभावामुळे नव्हे. माणसं यायची ती माझ्या हातच्या कॉयसाठी, म्हणजे कच्च्या गोगलगायींच्या आंबटतिखट कोशिंबिरीसाठी.

शेताच्या पाण्यातल्या गोगलगायी वेचायच्या, कवचातून काढायच्या, मीठ आणि कोंडा लावून चोळचोळ चोळायच्या. बुळबुळ गेली की पातळ काप करायचे. वरून लिंबू, कुटलेली लाल मिरची, भाजलेल्या तांदळाचा भरडा, पुदिना आणि आंबवलेल्या माशाचं पाणी. चूल पेटवायची गरजच नाही. "लिंबातच शिजतं ते," असं माझी आई म्हणायची. तिला तिच्या आईनं हेच सांगितलं असणार.

त्या वर्षी बांधावरच्या चिंचेखाली सहा जण जेवायला बसले होते. माझा धाकटा भाऊ थोंगफून होता. तो गावातले पाण्याचे पंप दुरुस्त करतो आणि त्याचं हसणं तीन शेतं पलीकडे ऐकू जातं. खामसिंगमामा होते, आईचे भाऊ, सत्तरीला टेकलेले. बाकीचे चार शेजारचे. चिकट भाताचे गोळे करून कॉयमध्ये बुडवत होते, तांदळाच्या दारूचा पेला फिरत होता.

"बुआलाई, तुझा नवरा बँकॉकला टॅक्सी चालवतोय ते बरंय," मामा म्हणाले. "इथं असता तर आमच्या वाट्याला काय आलं असतं?"

"तुमच्या वाट्याला दोघांचं गेलंय, मामा," मी म्हटलं. "आता तिसऱ्याच्या पानाकडं बघू नका."

मामांनी खरंच दोघांचं खाल्लं होतं. मी फक्त मीठ बघायला चिमूटभर चाखली होती.

बाराव्या दिवशी थोंगफूनचं डोकं दुखायला लागलं. आधी वाटलं, उन्हानं असेल. गोळी घेतली, झोपला. दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना. ताप नव्हता, खोकला नव्हता, पण दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता आणि कुणी जोरात बोललं तरी डोळे मिटून घेत होता. अंगात सदरा घालवेना. कापड टेकलं की सुया टोचतात म्हणे. मान खाली वाकवता येईना.

शेजारच्या म्हातारीनं त्याच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले, अंगातून निघून गेलेला जीव परत बोलावला. मीही हात जोडून बसले होते. दोरे बांधून झाले आणि त्याला ओकारी झाली. आता हा रडतोय की काय, असं मला वाटलं. चौतीस वर्षांचा माणूस, लहानपणी साप चावला तेव्हाही रडला नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "कवटीच्या आत कुणीतरी पंप चालू केलाय. बंद कर गं."

शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये मागं चटई टाकली आणि त्याला तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर पिमपा वयानं लहान, आमच्याच भागातली. तिनं मान वाकवून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या तीन आठवड्यांत काय काय कच्चं खाल्लं?"

थोंगफून गप्प. माझ्याकडे बघतही नव्हता. मला वाचवायला गप्प बसला होता तो.

"गोगलगायी," मी म्हटलं. "मीच केल्या होत्या."

डॉक्टर म्हणाली, "कण्यातून थोडं पाणी काढावं लागेल." हे ऐकल्यावर मात्र त्याची वाचा परत आली. कण्यात सुई घेतलेला माणूस लुळा पडतो, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. मी त्याच्याआधी 'नको' म्हटलं.

डॉक्टर चिडली नाही. स्टूल ओढून समोर बसली. "काकू, नीट ऐका. गोगलगायीत एक जंत असतो, तो मुळात उंदराचा. उंदराच्या फुफ्फुसात राहतो. त्याची पिल्लं लेंड्यांतून बाहेर पडतात, गोगलगायीत शिरतात, आणि ती गोगलगाय उंदरानं खाल्ली की परत त्यांच्या घरी. मध्येच आपण खाल्ली, की पिल्लं चुकून आपल्या मेंदूकडं जातात. माणसाच्या अंगात त्यांना पुढं वाढता येत नाही. तिथंच मरतात."

"मग मरू देत की मेली!"

"मरतात तेव्हाच तर जास्त त्रास. आपलं रक्त त्यांच्यावर चालून जातं. त्या हाणामारीत मेंदूवरचं आवरण सुजतं. पाय सुजला तर फुगायला जागा असते. कवटी काही फुगत नाही. म्हणून आत दाब वाढतो, आणि हे असं दुखतं."

"जंत मारायचं औषध द्या ना मग."

"सगळे एकदम मेले तर सूज आणखी भडकायची. आधी सूज उतरवू. सुईनं पाणी काढलं की दाबही कमी होईल आणि हे नक्की तेच आहे का, तेही कळेल."

मी 'करा' म्हटलं आणि थोंगफूनचा हात धरला. त्याला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. माझी बोटं मोडतील इतकी त्यानं आवळली. थोड्या वेळानं पकड सैल झाली. गेला की काय!

"ताई," तो म्हणाला, "पंप हळू झाला."

पाण्यात जंतांवर चालून जाणाऱ्या त्या रक्तपेशी ढिगानं सापडल्या. दोन आठवडे गोळ्या सांगितल्या. बाहेर व्हरांड्यात डॉक्टरनं मला गाठलं. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घातली. ती म्हणाली, "माझे बाबाही खायचे. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. पानावर अजून कोण कोण होतं, तेवढं आठवा."

मी त्याच संध्याकाळी घरोघरी फिरले. दोघं ठणठणीत होते. दोघांचं डोकं जरा जड होतं, ते ऐकल्यासरशी मोटरसायकलवर बसून हॉस्पिटलला निघाले. राहिले खामसिंगमामा.

मामा ओट्यावर उजेडाकडे पाठ करून बसले होते. एक डोळा मिटलेला.

"काय होतंय?"

"कुठं काय? चष्मा जुना झालाय."

मी सहज त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर ते ओरडलेच.

"मामा, उद्या सकाळी हॉस्पिटलला."

"मी येत नसतो. पलीकडच्या वाडीतला एक जण कण्यात सुई घेऊन कायमचा लुळा पडलाय."

"कोण? नाव सांगा."

"नाव कशाला हवं? पडलाय म्हणतोय ना!"

तीन दिवस माझी हीच मनधरणी चालली. मामा अडून बसले. दिवसेंदिवस ते जास्त झोपायला लागले आणि बोलताना मध्येच शब्द विसरायला लागले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसून रडले. आई गेली तेव्हापासून मी कुणासमोर रडले नव्हते. मामांनी तरी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी थोंगफूनला घरी सोडलं. चेहरा गोळ्यांनी सुजलेला, चाल जरा मंद. तो आपल्या घरी गेलाच नाही, सरळ मामांच्या ओट्यावर चढला. पाठ त्यांच्याकडे केली आणि सदरा वर उचलला.

"मामा, कुठं टोचलंय ते दाखवा."

मामांनी एक डोळा मिटून बराच वेळ शोधलं. "हे? डास चावलाय इथं."

"तेच ते. आता बघा." आणि थोंगफून त्या ओट्यावर एका पायावर उभा राहिला. मग दुसऱ्या. मग आमच्याकडच्या लाम गाण्यांवर नाचल्यासारखे हात फिरवत गोल फिरला, तोल गेला, खांबाला धडकला आणि हसला. तेच हसणं, तीन शेतं पलीकडे जाणारं.

"लुळा दिसतोय का मी?"

"शहाणा तर कधीच नव्हतास," मामा म्हणाले आणि उठायला हात पुढं केला.

मामांना उशीर झाला होता. सतरा दिवस ते हॉस्पिटलात होते. डोकेदुखी थांबली, शब्द परत आले, पण एका वस्तूच्या दोन दिसणं काही जाईना. डॉक्टर म्हणाली, सुजेनं डोळ्याची नस दबली होती, ती सावकाश सुटेल. तोवर एका डोळ्यावर पट्टी.

"दोन-दोन बुआलाई दिसायच्या," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "एकीच्या तोंडाला लागणंच जड, मग पट्टी बांधूनच घेतली."

कापणीच्या सुमारास एक दिवस त्यांनी पट्टी काढून बांधावर फेकली ती फेकलीच.

दरम्यान गावप्रमुखांच्या घरी जाऊन मी कर्ण्यावरून बोलले. सकाळी साडेसहाला, सगळं गाव भात वाफवत असताना. म्हटलं, "मी बुआलाई. माझ्या हातची कॉय खाऊन माझा भाऊ आणि मामा मरता मरता वाचले. लिंबानं, मिरचीनं, दारूनं जंत मरत नाही. उकळत्या पाण्यानं मरतो. यापुढं माझ्या घरी गोगलगाय शिजवल्याशिवाय पानात पडणार नाही."

दुपारपर्यंत टोमणे आलेच. "बुआलाई, आता पुदिनापण उकळणार का?" एकानं विचारलं, "लिंबू कुकरला लावतेस की कढईत?"

उकडलेली गोगलगाय चामड्यासारखी होते, हे खरं. महिनाभर मी खटपट केली. कधी फार उकळायची, कधी काप जाड व्हायचे. थोंगफून रोज चाखायचा आणि रोज नाक मुरडायचा. शेवटी गवती चहा टाकून चांगलं उकळायचं, मग कागदासारखे काप करायचे आणि लिंबू गरम असतानाच पिळायचं, हे जमलं. त्या दिवशी त्यानं नाक मुरडलं नाही. दुसऱ्यांदा भात मागितला.

पुढच्या लावणीला माझ्याकडे सहाऐवजी चारच जण आले. दोघं पाण्याच्या टाकीपलीकडच्या शेतावर गेले. तिथली मालकीण अजून कच्चीच वाढते, असं कळलं.

मी काय करणार? जेवायच्या वेळी पातेलं फडक्यात बांधलं, थोंगफूनला मोटरसायकल काढायला लावली आणि तिथं गेले. ती बाई बांधावर बसून लिंबं कापत होती. मला बघून तिनं सुरी खाली ठेवली.

"कर्णेवाली ना तू?"

"हो. हे बघ, मी सांगायला नाही आले. चाखायला आणलंय."

तिनं झाकण उचललं, वास घेतला, बोटांनी एक काप उचलून तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. माणसं आमच्याकडे बघत होती.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "किती वेळ उकळतेस?"

मी तिच्याशेजारी बसले आणि सांगायला लागले.