दहा मिनिटं, ब्रेक न लावता

माझ्या गाडीत दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. अठ्ठावीस वर्षं मी ड्रायव्हिंग शिकवतोय आणि या काळात माझ्या गाडीला साधा ओरखडा आलेला नाही. याचं श्रेय मी त्या दुसऱ्या ब्रेकला देतो आणि थोडंसं माझ्या आवाजाला. लोक म्हणतात, मी ओरडतो. मी ओरडत नाही. इंजिन घरघरत असतं, बाहेर हॉर्न वाजत असतात, शिकणारा घाबरलेला असतो म्हणजे त्याचे कान निम्मे बंद. त्याच्यापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात मी बोलतो. याला कोणाला ओरडणं म्हणायचं असेल तर माझा नाइलाज आहे.

माझी मुलगी त्याला ओरडणंच म्हणाली. तेही भर चौकात.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. हॉस्पिटलजवळ एका मैत्रिणीबरोबर राहते आणि रविवारी घरी येते. तिच्या हॉस्पिटलात ठरलं की पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायला माणसं पाठवायची. तीन महिन्यांत ज्याच्याकडे लायसन्स असेल त्याला गाडी, बाकीच्यांनी तळघरात मशिनं सांभाळत बसायचं. तिला तळघरातून बाहेर पडायचं होतं. मी म्हटलं, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याची मुलगी आहेस, तीन महिने कशाला, तीन आठवड्यांत शिकवतो.

चौथ्या दिवशी चौकात तिने क्लच झटकन सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली आणि मागे हॉर्नची रांग लागली. तेव्हा मी तिला म्हणालो, ‘‘तू कोणाची मुलगी आहेस ते निदान बाहेर सांगू नकोस.’’

‘‘ओरडू नका, बाबा,’’ ती म्हणाली. मग तिने हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, पट्टा काढला, आरशात बघून दार उघडलं आणि बसस्टॉपकडे चालायला लागली. सगळं क्रमाने, जसं मी शिकवलं होतं तसं.

पुढच्या रविवारी ती आली ते ठरवूनच. म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही शेवटचं काही शिकलात त्याला किती वर्षं झाली?’’

मी विचार करत होतो तोवर बायको आतून म्हणाली, ‘‘मुलगी झाली तेव्हा लंगोट बांधायला शिकले होते. तेही अर्धवट.’’

‘‘मग एक नवीन गोष्ट शिका,’’ मुलगी म्हणाली. ‘‘अजिबात न येणारी. कपाटावर माझी शाळेतली गिटार पडलीये. तिच्यावर एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवा. ज्या दिवशी दाखवाल त्या दिवशी मी तुमच्या गाडीत परत बसते.’’

मी नाकावर माशी बसू न देणारा माणूस. लगेच हो म्हटलं. नोकरीतल्या गाडीची गोष्ट आहे, मुलगी तळघरात अडकेल, ही काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर चौकातल्या त्या वाक्यानंतर ती माझ्याशी पाहुण्यासारखी बोलायला लागली होती. ते मला सहन होत नव्हतं. मला ती गाडीत हवी होती.

गिटार उतरवली. खोळीवर बोटभर धूळ. मुलीने ती आठ महिने शिकून एकाएकी का सोडली होती, ते मला काही आठवेना. बायकोला आठवत असावं, कारण ती काही बोलली नाही.

शिकवणारी मला घरबसल्या मिळाली. माझ्याकडे शिकणारी एक तरुण बाई मुलांना गिटार शिकवायची. लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झालेली. मी तिला गिटारबाई म्हणायचो. आमचं ठरलं की गाडीत मी सर, तिच्या खोलीत ती बाई. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘रोज दहा मिनिटं. रविवारी दोन तास असलं काही नको. रोज, दहा मिनिटं.’’

‘‘वीस केली तर?’’

‘‘बोटं सोलतील आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही मला फोन करून ओरडाल.’’

मी सांगितलं की मी ओरडत नाही. तिने मान डोलावली. माझे विद्यार्थी अशीच मान डोलावतात.

मग सुरू झालं. पहिला विद्यार्थी पावणेआठला यायचा, म्हणून मी सात वीस ते सात तीस ही वेळ धरली. स्वयंपाकघरातला टायमर लावायचो. टेबलाशी खुर्ची, समोर कागद, कागदावर चार ओळींचं सोपं गाणं. दर ओळीवर अक्षरं: इथे सी, इथे जी, इथे एफ. प्रत्येक अक्षर म्हणजे एक कॉर्ड, म्हणजे डाव्या हाताची बोटं तारांवर ठरावीक जागी दाबून धरायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. ऐकायला काहीच नाही. पहिले आठ दिवस माझ्या बोटांची टोकं अशी हुळहुळत होती की शर्टाची बटणं बायकोने लावून दिली. तारांतून असा आवाज यायचा की शेजारच्या आजोबांनी दार वाजवून विचारलं, पंखा बिघडलाय का.

पण मी नेमाने केलं. सर्दी झाली तरी केलं. कॅलेंडरवर रोज एक फुली. शिस्त ही माझ्या रक्तातच आहे, हे मी बायकोला रोज सांगायचो आणि ती रोज ऐकून घ्यायची. महिन्याभरात पहिली ओळ अशी वाजायला लागली की मलाच माझं कौतुक वाटलं. सफाईदार, एकसारखी, कुठे अडखळणं नाही. सकाळी जिन्यात भेटणारी माणसं ती गुणगुणायला लागली.

चाळिसाव्या दिवशी मी गिटारबाईला वाजवून दाखवलं. पहिली ओळ ऐकून तिच्या भुवया वर गेल्या. दुसरीत मी जरा अडखळलो, थांबलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. परत दुसरीत चुकलो, परत पहिल्यापासून. असं पाच वेळा झाल्यावर ती म्हणाली, ‘‘सर, तिसऱ्या ओळीपासून वाजवा.’’

मी कागदाकडे बघितलं. तिसरी ओळ मी वाचलेली होती. वाजवलेली नव्हती.

‘‘चाळीस दिवसांत तुम्ही तिथे पोचलाच नाहीत?’’

‘‘पोचणार कसा? दुसऱ्या ओळीत चुकतं ना.’’

‘‘मग चुकलं की काय करता?’’

‘‘थांबतो. पहिल्यापासून नीट करतो. चूक झाल्यावर तसंच पुढे गेलं तर माणूस मरतं.’’

‘‘इथे कोणी मरत नाही, सर,’’ ती म्हणाली. मग तिने टेबलाखाली वाकून बघितलं. ‘‘आणि हा पाय काय करतोय?’’

मीही वाकून बघितलं. चुकलं की माझा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. चांगला जोरात. अठ्ठावीस वर्षांची सवय. तिथे ब्रेक नव्हता म्हणून काय झालं.

हिशोब सरळ होता. पहिली ओळ मी हजारभर वेळा वाजवली होती, दुसरी अर्धीमुर्धी, तिसरी आणि चौथी शून्य. शिकाऊ गाडी रोज गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणायची आणि म्हणायचं, ड्रायव्हिंग चाललंय. असं कोणी माझ्याकडे केलं असतं तर मी त्याला काय बोललो असतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गिटारबाईने औषध लिहून दिलं. दहा मिनिटांतली पहिली पाच फक्त तिसरी ओळ, दोन चौथी, उरलेली तीन पूर्ण गाणं, आणि पूर्ण गाण्यात काहीही झालं तरी थांबायचं नाही. पाय खुर्चीच्या दांडीला अडकवून बसायचं. एफ हा कॉर्ड तिसऱ्या ओळीत यायचा. त्यात पहिलं बोट सहाच्या सहा तारांवर आडवं दाबावं लागतं. तो नवख्यांना रडवतो म्हणे. मी रडलो नाही. मी एकदा कागद चुरगळला, आणि बायकोने तो इस्त्री करून परत ठेवला.

चुकत पुढे जायचं हे मला शारीरिक त्रासासारखं होतं. एफ फसायचा, ठक्क असा मेलेला आवाज यायचा, आणि त्याला तसाच रस्त्यात टाकून पुढच्या ‘जी’ कॉर्डवर जायचं. कानामागून घाम यायचा. पण साठाव्या दिवशी मी पहिल्यांदा गाण्याच्या शेवटाला पोचलो. अकरा चुकांसकट पोचलो. टायमर वाजायच्या आधी पोचलो. मी उठून खिडकीत गेलो आणि उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिलो. मला फार आनंद झाला होता.

त्याच आठवड्यात गिटारबाई चौथ्या खेपेला परीक्षा पास झाली. आदल्या आठवडाभर माझा घसा बसलेला होता आणि मी गाडीत नुसता खुणा करत होतो, पण त्याचा इथे काही संबंध नाही. परीक्षक चांगल्या मूडमध्ये असणार.

तीन महिने भरायला बारा दिवस उरले होते. हॉस्पिटलाची मुदत डोक्यावर होती आणि मुलगी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. रविवारी यायची, जेवायची, आईशी हळू आवाजात बोलायची, मी खोलीत गेलो की विषय बदलायचा. मला वाटलं, बिचारी संकोचतेय; शब्द दिलाय म्हणून वाट बघतेय. बारा दिवसांत तिला परीक्षेला उभं करायचं म्हणजे रोज पहाटे गाडी काढावी लागणार. मी दोन विद्यार्थ्यांच्या वेळा पुढे ढकलून ठेवल्या.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी गिटार घेऊन बसलो. पाय दांडीला अडकवले. मुलगी समोर, बायको दारात. पहिली ओळ तर मी झोपेतही वाजवली असती. दुसरी गेली. तिसरीत एफ आला आणि फसला, ठक्क. माझ्या मांडीला झटका बसला, खुर्ची करकरली, पण हात थांबला नाही. पुढे आणखी दोन चुका. चौथी ओळ संपवली आणि शेवटचा सी छेडून तसाच घुमू दिला. तो बराच वेळ खोलीत राहिला.

मुलीचे डोळे भरले होते. ‘‘बाबा, तुम्ही चुकलात आणि थांबला नाहीत,’’ ती म्हणाली.

‘‘तीन चुका होत्या,’’ मी म्हटलं. ‘‘चल.’’ आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

मुलीने आईकडे बघितलं. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

‘‘बाबा, मला लायसन्स मिळालंय.’’

‘‘कधी?’’

‘‘सात आठवडे झाले.’’

पुलाजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून. पहिल्याच खेपेला. गाडीही मिळाली होती. दर रविवारी ती गाडी घेऊनच यायची आणि मला दिसू नये म्हणून कोपऱ्यापलीकडे लावायची. मला वाटत होतं, ती बसने येते. बसने दमून येते बिचारी, असं मी बायकोला म्हणालोही होतो.

‘‘तुला माहीत होतं?’’ मी बायकोला विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मग मी रोज कशासाठी मरत होतो?’’

‘‘रोज सकाळी दहा मिनिटं तुम्ही स्वतःवर ओरडत होतात,’’ बायको म्हणाली. ‘‘नंतर दिवसभर घरात कोणावर ओरडायला तुमच्यात जोर उरायचा नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी कशाला सांगू?’’

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण मी मुलीला विचारलं, ‘‘तो पुलाजवळचा गाडीत बोलतो का?’’

‘‘बोलतो. कमी.’’

‘‘शिकवतो कसं मग?’’

‘‘चुकलं की पुढच्या वळणापर्यंत थांबतो. मग विचारतो, काय झालं होतं.’’

किल्ली माझ्या हातातच होती. ती खिशात टाकावी की टेबलावर ठेवावी ते कळेना. मी म्हटलं, ‘‘ठीक आहे. शिकवायचं काही उरलं नाही. पण तू शब्द दिला होतास. तुझ्या गाडीत तरी बसतो. एक चक्कर. एक अक्षर बोलणार नाही.’’

तिने माझा हात धरला. डाव्या हाताच्या बोटांना आता घट्टे पडलेत. त्यावरून तिने अंगठा फिरवला, पेशंटचा हात बघावा तसा, आणि शांतपणे म्हणाली, ‘‘नको, बाबा. मला गाडी चालवता येते. तुम्ही शेजारी असलात की येत नाही. अजून नाही.’’

ती ‘अजून’ म्हणाली हे मी धरून ठेवलं. बाकीचं वाक्य मला लागलं, आणि चांगलंच लागलं.

निघताना मी तिला सोडायला खाली गेलो. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून कोपऱ्यापर्यंत गेलो. पांढरी छोटी गाडी, एका व्हॅनच्या आणि दिव्याच्या खांबाच्या मधोमध लावलेली. इतक्या अरुंद जागेत मी माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला गाडी घालू दिली नसती. ती आत बसली, पट्टा लावला, माझ्याकडे बघून हात हलवला. मी फुटपाथवर उभा राहिलो.

गाडी मागे यायला लागली. स्टिअरिंग तिने उशिरा वळवलं. खांब जवळ येत होता, हातभर, मग वीतभर. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, ‘‘ब्रेक!’’ व्हॅनवर बसलेलं मांजर उडी मारून पळालं. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

गाडीच्या काचा बंद होत्या. खांबाच्या चार बोटं अलीकडे गाडी आपली आपण थांबली, चाकं सरळ झाली, इंडिकेटर लागला, आणि मुलगी मोकळा रस्ता बघून निघून गेली.