विभूती लावलेली पट्टी

"माझ्यासमोरच उघडा, बाई," बद्रीनाथ गुरुजी म्हणाले आणि स्टूल ओढून कॉम्प्युटरच्या अगदी पुढ्यात बसले.

महानंदानं ते गिळलं. सिरसाळ्यात स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून वर्ष झालं, तरी गिऱ्हाइकाची नजर तिच्या हातांवरच. कुणामुळं? त्या परळीच्या ईश्वरप्पामुळं, मुडदा बशिवला त्याचा! दोन वर्षांमागं ती त्याच्याच दुकानात कामाला होती. दसऱ्याला आईकडं धर्मापुरीला गेलती. इकडं गुरुजींनी दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याच दुकानातून नवाकोरा कॉम्प्युटर घरी नेला, तर सुरू होताना तो रॅमचा स्पीड एकशे तेहतीसऐवजी शंभरच दाखवायला लागला. ती परत आली तेव्हा ईश्वरप्पानं भर दुकानात सगळ्यांना ऐकवलं, "गावाला जायच्या आधी हिनंच रॅमची नवी पट्टी काढून जुनी घातली. चोट्टी हाय." आणि तिला हाकललं. मग गुरुजींच्या समाधानाला त्यानं आणखी एक नवी पट्टी बसवली. तरी शंभरच. तेव्हा म्हणाला, मशीनच तशी हाय.

महानंदानं आता त्याच मशीनचं झाकण काढलं. एक पट्टी उपसून मशीन चालू केली. एकशे तेहतीस! ती काढून दुसरी एकटी घातली. शंभर.

"बघा गुरुजी, एक बैल मरतुकडा असला की जोडी त्याच्याच चालीनं चालती."

मग तिनं ती मरतुकडी पट्टी उलटी केली. काळ्या चिपांवर वाळलेल्या विभूतीचे तीन पट्टे होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला ईश्वरप्पा दुकानातले सुटे भाग ताटात मांडून पुजायचा. विभूती स्वतःच लावायचा, ताटाला दुसऱ्या कुणाला शिवू द्यायचा नाही, आणि पूजा उरकली की भाग पुसूनच खणात परत ठेवायचा. आणि दोन वर्षांमागच्या त्या नवमीला ती धर्मापुरीत आईच्या उशाशी होती. म्हणजे ही पट्टी पूजेनंतर थेट ताटातूनच मशीनमध्ये गेली होती.

"चार दिवस थांबा, गुरुजी," ती म्हणाली. "नवमीला माझ्यासंगं परळीला चला."

नवमीला ईश्वरप्पाचं दुकान माणसांनी भरलं होतं. तो ताटापुढं बसलेला, बोटं ओल्या विभूतीनं माखलेली. महानंदानं ती पट्टी ताटात टाकली.

"आप्पा, ह्या पट्टीवरची बोटं कुणाची?"

ईश्वरप्पानं पट्टी पाहिली, मग स्वतःची बोटं.

"कावून हो, ईश्वरप्पा?" गुरुजी कडाडले. "ताटातली जुनी पट्टी माझ्या मशीनमधी घातली, आन् चोर हिला केलं?"

"गडबडीत चुकून झालं आसंल, पोरी..."

"पट्टी चुकून गेली, मान्य हाय. मला चोट्टी म्हणलात, तेबी चुकून का? तवा लई मोठ्यानं बोललात. आता तसंच बोला."

तो पुटपुटला.

"न्हाई ऐकू आलं."

"महानंदानं चोरी केली न्हाई!" तो ओरडला.

मान खाली घालून त्यानं पट्टी उचलली आणि तिच्यावरचे पट्टे पुसायला अंगठा नेला. महानंदानं ती हातातून हिसकावली.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा. माझ्या दुकानात गल्ल्यावर टांगणार हाय. कुणी विचारलं, तर तुमचं नाव सांगायला बरं."