मूठभर तेरडा

या, अशा जवळ सरकून बसा. कीर्तनाला बसतो तसं, मांडीला मांडी लावून. गौरीची गोष्ट सांगते. पण हिच्यात गौर घरात यायची नाही, ते आधीच सांगून ठेवते.

आमच्या शेजारच्या अंबूबाई. गौर मांडावी तर त्यांनीच. घागरीत मुळासकट तेरडा, मागं आघाडा, कडेला कर्दळीची पानं, वर मुखवटा. साडी नेसवली की वाटायचं, आता ही बोलणार.

नऊ वर्षांमागं गौर आणायच्या दिवशी त्या सुनेला म्हणाल्या, "संयोगिता, गौर पोकळ दिसतीया गं. आनखी मूठभर तेरडा आन जा."

पोरगी परत बांधावर गेली. तिथं तिला पान लागलं. सापाचं नावसुद्धा घेत नाही आम्ही. मिरजेच्या दवाखान्यात पोचायच्या आतच संपली.

सणादिवशी माणूस गेलं की त्या घराला तो सण बंद. पुन्हा त्याच दिवशी घरात मूल जन्मलं, नाहीतर गोठ्यात गाय व्याली, तरच सुटतो. अंबूबाईंचा मुलगा शंभूराज सांगलीला विश्रामबागेत राहायला गेला तो गेलाच. मूल कुठलं? उरली गाय. अंबूबाई पुढच्या गौरीचा दिवस बघायच्या, नऊ महिने नऊ दिवस मागं मोजायच्या आणि गाय वळूकडं नेऊन भरवायच्या. कधी ती गाभणच राहायची नाही, कधी आठवडाभर आधी व्यायची. तरी दरवर्षी त्या बांधावरचा तेरडा आणून घागरीत मांडायच्या. बिनमुखवट्याचा. मुखवटा ट्रंकेत, संयोगिताच्या साडीत गुंडाळलेला.

दोन वर्षांमागं अगदी त्या दिवशी गाईची कास तटतटली. अंबूबाईंनी मुखवटा काढून चिंचेनं घासला. लखलखीत केला. मग रात्रभर गोठ्यातून हलल्या नाहीत. दिवस उगवेपर्यंत आदलाच दिवस धरतात आमच्यात. उजाडलं, कौलांवर ऊन आलं, आणि मग कालवड झाली. पांढरीशुभ्र.

मी जन्मभर कीर्तनं ऐकलेली बाई. पण त्या घडीला खोटं बोलायला तयार झाले.

"आवं मावशी, घटकाभराचा तर फरक. म्या सांगते समद्यांना, उजाडायच्या आत व्याली म्हनून. चढवा मुखवटा."

"आनी तिला काय सांगू?"

"गौर काय बोलतीया व्हय? देव भाव बघतो, बुवा सांगत्यात नव्हं?"

"गौरीचं न्हाई म्हनत मी, बने." कालवडीचं अंग पुसता पुसता त्या म्हणाल्या, "माजी पोर गेली तवा मी लय हात जोडलं, तेवढी घटका मागं घे म्हनून. घेतली का कुनी? आता माज्यासाठी कशी मागं घेऊ?"

मुखवटा परत ट्रंकेत गेला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तेवढाच टिकला. चौथ्या दिवशी घागरीभोवती नुसत्या पाकळ्या.

त्याच माघात अंबूबाई गेल्या. सण काही सुटला नाही. शंभूराजनं गाय-कालवड विकली, घराला कुलूप घातलं. बांधावर तेरडा येतो. तोडायला कोणी जात नाही.

एवढंच मागणं आहे माझं. यंदा गौर मांडताना मूठभर तेरडा कमी पडला, तर राहू द्या पोकळ. कुणाला परत धाडू नका. आणि त्या पोकळ जागी हात टेकून माझ्या अंबूबाईंची आठवण काढा.