भुऱ्याचे कान

कुत्र्याचे कान तपासायला कुणी लोह्याहून लातूरला जातं, यावर गावात आधी कुणाचा विश्वास बसेना आणि बसल्यावर हसू आवरेना. आमच्याकडं सासऱ्याला ऐकू येईना झालं तर सुनांना बरंच वाटतं. कुत्र्याची काय कथा. लातूरच्या बाजाराला निघालेल्या पिकअपवाल्या शिवलिंगनं तर तुरीची पोती रचता रचता विचारलं, "काका, मशीन बसवता का काय कानाला?" शेषेराव हसल्यासारखं करून भुऱ्याला घेऊन पोत्यांवर बसले. पुढं बसलेली त्यांची बायको सिंधुबाई हसली नाही. लातूरचा धोशा तिनंच लावला होता.

त्यांचा एकुलता एक दयानंद मागच्या हिवाळ्यात काविळीनं गेला, नांदेडच्या दवाखान्यात. भुऱ्याला पिल्लू असताना त्यानंच आणलं होतं. दयानंदच्या मोटारसायकलचा सायलेन्सर फुटका. ओढ्याच्या वळणावर आवाज आला की भुऱ्या फाटकाकडं पळायचा, आणि भुऱ्या पळाला की सिंधुबाई चुलीवर चहा ठेवायची.

पोरगा गेला, गाडी राहिली. शेताला जायला ती शेषेरावांनी धरली. भुऱ्या तरीही पळत यायचा, फाटकात म्हातारा दिसला की चाकं हुंगून परत फिरायचा. पण तो उठल्यापासून शेषेराव दिसेपर्यंत थोडा वेळ जायचा, आणि तेवढ्या वेळात सिंधुबाई चहा ठेवून मोकळी झालेली असायची. तेवढ्या वेळापुरता त्यांचा पोरगा जिवंत असायचा. शेषेरावांना हे कळत होतं. म्हणून शेतात काम नसलं तरी दिवस मावळायला ते गाडी काढायचे.

होळीनंतर भुऱ्या उठेनासा झाला. गाडी दारात आली तरी पडून राहायचा.

"कान गेलेत त्याचे," सिंधुबाई म्हणाली. "न्हाईतर उठला असता. दया गेल्याचं त्याला कुठं ठाव हाय?"

ते खरं होतं. त्या दिवशी घरात माणसं मावेनात, म्हणून कुणीतरी भुऱ्याला शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी नेऊन बांधलं होतं. दयानंदला घरी कसं आणलं, कसं नेलं, त्यानं काहीच पाहिलं नव्हतं.

लातूरची जनावरांची डॉक्टरीण मृण्मयी वयानं दयानंदएवढीच असेल. सुई दिसली की सिंधुबाईला घेरी यायची, म्हणून ती बाहेर बाकावर थांबली. डॉक्टरणीनं बॅटरीनं कान पाहिले, मळ काढला. मग शेषेरावांना भुऱ्यासमोर बसवून ती पडद्यामागं गेली. तिथून किल्ल्या वाजवल्या, वाटीवर चमचा मारला, शेवटी बिस्किटाचा पुडा हलकेच चुरगाळला. दर वेळी भुऱ्याचे कान तिकडं वळले. पुड्याला तर शेपूटही हललं.

"ऐकू छान येतंय काका. तो आवाज आणलात का?"

फोनवर तिनं सांगितलं होतं तसा शेषेरावांनी गाडीचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला होता. त्यांनी तो लावला. फुटक्या सायलेन्सरचा आवाज त्या पांढऱ्या खोलीत घुमला. भुऱ्याचे दोन्ही कान ताठ झाले. त्यानं दाराकडं पाहिलं, मग शेषेरावांकडं पाहिलं, आणि त्यांच्या पावलावर तोंड टेकून तो आडवा झाला.

"ऐकलं की त्यानं," डॉक्टरीण म्हणाली.

शेषेरावांनी मान हलवली. मुक्या जनावराला सगळं कळून चुकलं होतं, कुणी न सांगता. आता हे सिंधूला सांगायचं कसं?

बाहेर येताच ती उठली. "काय म्हनल्या?"

खरं सांगायलाच त्यांनी तोंड उघडलं होतं. "कान गेलेत," ते म्हणाले. "दोन्ही."

तिनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हंजे विसरला न्हाई."

"न्हाई."

"मला लई लागलं व्हतं. म्हनलं, ह्यो बी विसरला."

तेव्हापासून भुऱ्या गावभर बहिरा ठरला. सिंधुबाई त्याला हाक मारीना; जमिनीवर थाप मारून, हातानं खुणावून जेवायला बोलवायची. एकदा डब्याचं झाकण पडलं तसा भुऱ्या दचकून उठला. शेषेराव घाईघाईनं म्हणाले, "जमिनीला हादरा बसला असंल." सिंधुबाईनं झाकण उचलून डब्यावर लावलं. त्यांना हायसं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

एका संध्याकाळी शेताहून येताना ते ओढ्याच्या वळणावर आले. तिथून कुंपणावरून अंगण दिसतं. सिंधुबाई मेथी निवडत बसली होती, भुऱ्या तिच्या पायाशी. गाडीचा आवाज पोचला आणि भुऱ्याचे कान उभे राहिले.

सिंधुबाईनं ते पाहिलं. मेथी बाजूला सारली, हात लुगड्याला पुसले. मग दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवून ते हळूच खाली दाबले, आणि शेषेराव फाटकात येऊन गाडी बंद करेपर्यंत तसेच दाबून धरले. भुऱ्या निमूट बसून होता.

"ऐकू येत न्हाई बिचाऱ्याला," ती वर न बघता म्हणाली.

"हाव," शेषेराव म्हणाले.

चूल थंड होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओढ्याजवळच गाडी बंद केली आणि चढावरून ढकलत घरी आणली. फाटकाशी येईपर्यंत त्यांना धाप लागली होती. सिंधुबाईनं फाटक उघडलं, गाडी का ढकलली ते विचारलं नाही. ते आत येऊन बसल्यावर तिनं चहा ठेवला, दोघांपुरता.