फळीखालचे पाणी

मी एक जुनी कालव्यातली बोट आहे. माझे नाव मार्था जेन. लांबी सत्तावन्न फूट आणि रुंदी जेमतेम पावणेसात. माझ्या दारांवर लाल गुलाब आणि एक किल्ला रंगवलेला आहे. काठावरच्या पायवाटेने जाणारे लोक तो बघून "किती गोड!" म्हणतात आणि फोटो काढतात. मित्रांनो, मला त्या "गोड"ची आता शिसारी आली आहे. माझ्या पोटात काय साचले आहे हे कळले, तर हेच लोक नाकाला रुमाल लावून पळत सुटतील.

चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन भावांनी मला जोडले. तळाला सहा मिलिमीटर जाड लोखंड घातले, बाहेरून डांबराचे तीन हात दिले आणि पाण्याखाली बाजूला मॅग्नेशियमचे चार ठोकळे लावले. हे ठोकळे दिसायला भिकार असतात, पण पाण्यात लोखंड झिजायच्या आधी ते झिजतात. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढायची, नवे ठोकळे लावायचे, तळ खरवडून पुन्हा डांबर द्यायचे. बोट पाळायची म्हणजे मुख्यतः एवढेच. यात काही अवघड आहे का? मला तरी वाटत नाही.

माझे पहिले मालक अर्नेस्ट टफ्नेल. त्यांनी जन्मभर बस चालवली होती आणि निवृत्तीनंतर बायकोला घेऊन माझ्यावर राहायला आले. बाईंचे नाव दिलिस. माझ्या मागच्या टोकाला, बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या बरोबर वर, एक झाकण आहे. पंख्यात काही अडकले की ते उघडून हात घालायचा आणि घाण ओढून काढायची. झाकण परत घट्ट बसवले नाही, तर इंजिन सुरू होताच पाणी आत घुसते आणि बोट बुडते. अर्नेस्टकाका रोज सकाळी चहाच्या आधी ते झाकण हाताने हलवून बघायचे. त्यांनी तिथून काय काय काढले असेल! गादीची खोळ, तारा, कुत्र्याचा पट्टा, एकदा तर कुणाची तरी भलीमोठी चड्डी.

"अर्नेस्ट, त्या हाताने पाव तोडलास तर बघ," दिलिसबाई आतून ओरडायच्या. "कोपरापर्यंत धू!"

"अगं, धुतोय ना. चड्डी वाळत घालू का तुझ्यासाठी?"

"तुझ्या बहिणीला दे. तिलाच होईल."

असे ते दिवस होते. मला बांधतानासुद्धा काका घाई करत नसत. पुढचा दोर, मागचा दोर आणि मधून एक तिरका दोर, म्हणजे शेजारून दुसरी बोट गेली तरी मी मागेपुढे ओढली जात नसे. दोर ताणून कधी बांधत नसत. कालव्याचे पाणी वर-खाली होते आणि ताणलेल्या दोराची बोट काठाला लटकते. काठावर आमची स्वतःची जागा नव्हती, त्यामुळे नियमाप्रमाणे दर चौदा दिवसांनी आम्ही पुढे सरकायचो. अठ्ठावीस वर्षे आम्ही असे सरकत राहिलो. मग आधी दिलिसबाई गेल्या आणि पुढच्याच हिवाळ्यात काका गेले.

नंतर आठ वर्षे मी सुट्टीच्या भाड्याने फिरले. त्याबद्दल फार बोलायची माझी इच्छा नाही. दहा-दहा माणसे बिअर पिऊन माझ्या छतावर नाचायची आणि उतरताना गालिच्यावर ओकून जायची. तरी त्या कंपनीचा माणूस वर्षातून एकदा मला बाहेर काढून डांबर द्यायचा. म्हणजे तेही क्लाइव्हपेक्षा बरेच म्हणायचे.

क्लाइव्ह बॅगशॉने चार वर्षांपूर्वी मला घेतले. त्याला राहायला स्वस्त घर हवे होते. त्याने काठावर कायमची जागा घेतली, तिथल्या खांबावरची वीज जोडली आणि मला कायमचे विसरून गेला. ती वीज अशी थेट जोडली की पाण्यातून लोखंड कुरतडले जाते, मध्ये एक छोटे यंत्र लावावे लागते. शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने त्याला हे दोनदा सांगितले. क्लाइव्ह म्हणाला, "काका, माझी वीज, माझी बोट. तुम्ही तुमच्या कुंड्यांना पाणी घाला." माझे ठोकळे दीड वर्षात संपले. मग माझी पाळी आली.

पण खरी किळस तर पुढेच आहे. त्याच्या बिछान्याखाली संडासाची टाकी आहे. ती महिन्याला उपसावी लागते. क्लाइव्ह ती काठोकाठ भरेपर्यंत थांबायचा, कारण उपसायला बोट उपशाच्या पंपापर्यंत न्यावी लागते आणि त्याला दोर सोडायचा कंटाळा. टाकीचा एक जोड गंजला आणि पाझरू लागला. जे पाझरले ते माझ्या तळाशी, बोट स्थिर राहावी म्हणून रचलेल्या विटांमधून वाहत मागे येऊन साचले. त्यात भांड्यांचे पाणी, केस, चहाची पत्ती, गंजाचे पापुद्रे. क्लाइव्हला वास आला. त्याने काय केले असेल? लॅव्हेंडरची बाटली आणली आणि गालिच्यावर शिंपडली. मित्रांनो, तेव्हापासून मी ती घाण पोटात घेऊन लॅव्हेंडरच्या वासात पडून आहे.

या वसंतात त्याने मला विकायला काढले. बघायला आल्या विनिफ्रेड ओलर्टन.

बाई त्रेसष्ट वर्षांच्या. एकतीस वर्षे एका शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी चारशे मुलांचे जेवण रांधले होते. भाड्याच्या घराचा मालक घर विकणार होता, महिनाअखेरीला त्यांना ते सोडायचे होते. नोकरी सोडताना मिळालेली सगळी पुंजी त्या बोटीत घालणार होत्या. पुंजी गेली तर दुसरी नव्हती आणि बोट बुडाली तर दुसरे घर नव्हते. हे मला कळले, कारण बाईंनी ते पहिल्या पाच मिनिटांत क्लाइव्हला भोळेपणाने सांगून टाकले. क्लाइव्हचे डोळे मांजरासारखे चमकले.

त्याने तयारी केली होतीच. पितळ घासले होते, छतावर फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या, स्टोव्हवर कॉफी उकळत ठेवली होती. सकाळीच पंप लावून इंजिनाच्या खोलीतले पाणी कालव्यात ओतले होते. ते बघून बदके दुसऱ्या काठाला निघून गेली होती.

"हे बघा, इंजिनाखाली कसं कोरडं खडखडीत," तो म्हणाला. "हात फिरवा, बोटाला काही लागलं तर सांगा."

बाईंनी बघितले, मान हलवली. मग त्या आत आल्या. गुलाबांकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही. केबिनच्या अगदी मागच्या टोकाला, पायरीपाशी, त्या उभ्या राहिल्या आणि बुटाच्या टाचेने गालिचा दाबला.

मित्रांनो, बोट मागच्या बाजूला जरा खाली बसते. त्यामुळे केबिनमध्ये कुठेही पाणी शिरले तरी ते वाहत तिथेच येते. इंजिनाची खोली वेगळी असते, ती कोरडी दाखवणे सोपे. खरी तपासायची जागा ही, आणि इथली फळी उचलायची असते. पण शंभरातली नव्याण्णव माणसे उचलत नाहीत. त्यांना पडदे बघायचे असतात.

"याच्या खाली काय आहे?" बाईंनी विचारले.

"तळ. दुसरं काय असणार?"

"मग उघडा की."

"अहो, गालिचा खिळ्यांनी ठोकलाय. उगीच खराब होईल. तुमचाच होणार आहे तो आता!"

"माझाच होणार ना? मग मी खराब करते," असे म्हणून बाईंनी पिशवीतून डबा उघडायची किल्ली काढली आणि गालिच्याचा कोपरा उचकटला. "एकतीस वर्षं तपासणीवाले यायचे आमच्याकडे. कपाटं चकाचक असायची. मी त्यांना म्हणायची, साहेब, भट्टी सरकवा आणि मग बोला."

त्या पोटावर आडव्या झाल्या. फळी उचलली. हात घातला, कोपरापर्यंत. बाहेर काढला तेव्हा तो तपकिरी आणि चिकट झाला होता. त्यांनी तो नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"थोडं पावसाचं पाणी असेल," क्लाइव्ह म्हणाला. "बोट म्हटली की ओल येणारच."

"पाऊस असा वास मारत नाही, मिस्टर बॅगशॉ."

"अहो, तुम्ही बायका जरा जास्तच..."

"जरा जास्तच काय? बोला ना. मी तुमच्या घाणीत हात घातलाय, तुम्ही निदान वाक्य तरी पुरं करा."

बाईंनी साबण मागितला. साबण नव्हता. शेवटी त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याकडून मागून आणला आणि हात धुता धुता सांगितले, "बोट पाण्याबाहेर काढून माझ्या माणसाकडून तपासेन. मगच बघू." क्लाइव्हने तपासणीचा एक जुना कागद पुढे केला, तो त्याने मला घेतानाचा होता. बाई म्हणाल्या, "तेव्हा तुमची बोट होती. आता माझी व्हायची आहे." दुसरे गिऱ्हाईक नव्हते, त्यामुळे तो कबूल झाला.

आठ दिवसांनी क्रेनने मला उचलले. दोन पट्ट्यांवर मी लटकत होते आणि अंगावरून शेवाळ गळत होते. बाईंनी आणलेला तपासनीस होता डेस्मंड पार्जिटर, उंच, कमी बोलणारा माणूस. तो माझ्या पुढच्या टोकापासून हातोडीने ठोकत ठोकत मागे आला. टण, टण, टण. माझ्या संडासाच्या टाकीखाली आल्यावर आवाज बदलला. थप. मी मनात म्हणत होते, अजून एकदा मार, बाबा. चांगला मार. माझे काय व्हायचे ते होवो, पण या बाईला माझ्यात झोपू देऊ नकोस.

त्याने मारले आणि हातोडी आत गेली.

भोकातून जे आले ते त्याच्या बुटांवर पडले. क्रेनचा माणूस "अरे देवा" म्हणत चार पावले मागे सरला.

"तुम्ही फारच जोरात मारलंत!" क्लाइव्ह ओरडला.

"मी मारलं नाही," पार्जिटर म्हणाला. "मी टेकवली. हे भोक लोखंडाने नाही, डांबराने धरून ठेवलं होतं. या बाई झोपल्या असत्या आणि उठल्याच नसत्या."

बाई पिठात उंदीर सापडावा तशा माझ्याकडे बघत राहिल्या. मग घड्याळाकडे बघितले. महिना संपायला सहा दिवस होते.

क्लाइव्हने पार्जिटरला बाजूला घेतले. "हे बाकी कुणाला सांगायची गरज नाही ना?"

"मी सांगत नसतो. पैसे बाईंनी दिले, कागद बाईंचा. धंद्याची रीत आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला हवा असेल तर त्याने नवा काढावा."

या रीतीवर क्लाइव्हसारखी माणसे जगतात. त्याने भोकात कसलीशी लुगदी भरली, वरून डांबराचे दोन हात फासले आणि दुसऱ्या दिवशी मला पाण्यात सोडले. बाई बहिणीकडे राहायला गेल्या, तिच्या सामानाच्या खोलीत. रविवारी नवीन गिऱ्हाईक आले. एक तरुण जोडपे, आईच्या पोटाशी झोळीत तान्हे मूल.

"गेल्याच आठवड्यात बाहेर काढून तपासली," क्लाइव्ह त्यांना सांगत होता. "तळाला ताजं डांबर!"

शब्द सगळे खरे होते. मला त्याच्या तोंडाची इतकी किळस कधी आली नव्हती.

तेवढ्यात काठाच्या पायवाटेवर विनिफ्रेडबाई दिसल्या. बहिणीच्या घरातून बाहेर पडायला त्यांना निमित्त हवे असावे. त्यांनी ते डांबराचे वाक्य ऐकले, झोळीतले मूल बघितले आणि पिशवीतून पार्जिटरचा कागद काढला.

"बाई, तो तुमचा खासगी कागद आहे," क्लाइव्ह घाईघाईने म्हणाला. "दुसऱ्याला दाखवायचा नसतो."

"माझा आहे ना? मग कुठे लावायचा ते मी ठरवते. शाळेत दर सोमवारी जेवणाची यादी मीच लावायची."

कालव्यावर प्रत्येक बोटवाल्याला पाणी भरायला एका नळाशी यावेच लागते. तिथे सूचनांची पाटी आहे. बाईंनी चार टाचण्या मारून कागद तिथे लावला. बोटीचे नाव, जागा, जाडीचे आकडे, भोकाचा फोटो. जोडपे वाचून आले आणि तसेच निघून गेले. क्लाइव्हने कागद फाडला. सोमवारी दुसरा लागला. तो फाडला, तर शेजारच्या म्हाताऱ्याने तिसरा लावला, आणि हा अजून आहे. लोक नळावर पाणी भरताना माझी सगळी लाज वाचतात आणि माझ्याकडे बघून नाक मुरडतात. मला बरे वाटते.

आता मला कुणी घेणार नाही. क्लाइव्हने मला भंगारात दिले आहे आणि येत्या गुरुवारी मला कापायला नेतील. मित्रांनो, तुम्ही कधी बोट घ्यायला गेलात, तर गुलाब नंतर बघा. आधी मागच्या टोकाची फळी उचला आणि हात घाला. आणि बोट तुमचीच असेल, तर कुणी यायच्या आधी तुम्हीच घाला. घाण वाटेल. वाटू द्या.

काल बाई मला बघायला आल्या होत्या. अजून घर मिळालेले नाही, तसे त्या म्हाताऱ्याला सांगत होत्या. जाताना त्यांनी माझ्या बाजूवर तळवा टेकला. "तुझं काही चुकलं नाही गं," असे म्हणाल्या. मग वाकून तो हात गवताला नीट पुसला, दोन्ही बाजूंनी.

मला त्याचे वाईट वाटले नाही. क्लाइव्हचे हात चार वर्षे अगदी स्वच्छ होते.