ड्रॉइंगात नसलेला क्लॅम्प

तिने लॅपटॉप बाबांच्या मांडीवरच्या उशीवर टेकवला आणि पडदा त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा वळवला.

“बाबा, हे पहिलं. नीट बघा हं.”

पडद्यावरच्या हलत्या चित्रात लेझर मशीनचं कापणारं डोकं वाकवलेल्या पत्र्याभोवती फिरू लागलं. कलत, वळत एकेक छिद्र पाडत गेलं. कारखान्यात बाबा हेच काम मशीनला हाताने शिकवत. तासन्‌तास शेजारी उभं राहून प्रत्येक बिंदूवर डोकं नेऊन ठेवत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि मशीन मुकं झालं. आता प्रोग्राम संगणकावरच बनवायचे होते. त्यासाठीच्या दोन सॉफ्टवेअरपैकी एक आज पाचपर्यंत ठरवायचं होतं. काकांनी हात झटकले होते, “दादा मान हलवेल ते घेऊ. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

सातव्या छिद्रापाशी बाबांचा डावा हात उठला.

“हे नको?”

तिने दुसरं सॉफ्टवेअर लावलं. सातव्या छिद्रापाशी हात पुन्हा वर.

“काहीही दाखव, नकोच म्हणणार ते,” आई दारातून म्हणाली. “कॉम्प्युटरशी त्यांचं कधी पटलंय?”

बाबांनी लेकीचं मनगट धरलं आणि अंगठा त्यात रुतवला. जोर लावून, पुन्हा पुन्हा.

“बाबा, दुखतंय!”

त्यांनी हात सोडला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुपारी ती कारखान्यात गेली. पत्रा बसवायच्या सांगाड्यावरून हात फिरवताना, सातव्या छिद्राच्या अगदी कडेला, बोटांना काहीतरी टोचलं. पत्रा दाबून धरणारा, ओबडधोबड वेल्ड केलेला एक क्लॅम्प होता तिथे.

“तो होय? साहेबांनीच बसवला, आजारी पडायच्या आधी,” मशीनवरचा कारागीर म्हणाला. “पत्रा थरथरायचा तिथे. का हो, ड्रॉइंगात नाही?”

ड्रॉइंगात नव्हता, म्हणून दोन्ही प्रोग्रामांतही नव्हता. डोकं थेट त्याच्यावर आदळलं असतं. तिने मनगटाकडे पाहिलं, मग मापपट्टी मागितली.

साडेचारला ती धापा टाकत घरी आली.

“सापडला, बाबा! दोन्हींत घातला. आता बघा, हे पहिलं डोकं क्लॅम्पवरून उचलून नेतं, हे दुसरं कडेने वाकवून नेतं. आपल्या मशीनला काय झेपेल?”

बाबांच्या ओठांचा चालता कोपरा हलला. पहिल्याला त्यांनी मान डोलावली. दुसऱ्यालाही डोलावली.

“एकच सांगा ना.”

त्यांनी पुन्हा मान डोलावली. या वेळी पडद्याकडे न बघता, तिच्याकडे बघत. मग डोळे मिटले. थकून मिटले, की यापुढचं तुझं तू बघ म्हणून, ते कळायला काही मार्ग नव्हता. ती दोन्ही चित्रं आळीपाळीने चालवत बसली. दोन्ही तितकीच बिनचूक दिसत होती.

पाचला काकांचा फोन आला.

“काय म्हणाला दादा?”

तिने बाबांकडे पाहिलं. श्वास संथ चालला होता.

“दुसरं घ्या म्हणाले,” ती म्हणाली.

“बघ, मी म्हटलं नव्हतं? दादाला बरोबर कळतं.” काका तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मोकळं हसले.

“हो,” ती म्हणाली आणि लॅपटॉप आवाज न करता मिटला.