आधी बादली, मग करवत

मी एक जुनी लाल बादली आहे, मित्रांनो, आणि माझं बूड गोल आहे. हसलात ना? हसा, सगळेच हसतात. जमिनीवर ठेवली की मी लवंडते, म्हणून मला कायम टांगूनच ठेवावं लागतं. पण हे बूड काही चुकून गोल झालेलं नाही बरं का! ज्या पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं, तोच म्हणाला होता, "सपाट बूड केलं की हिला कुणीतरी धुणं भिजवायला नेणार. गोल केलं की नेऊन ठेवतील कुठे? डोक्यावर?" कारण मी आगीची बादली आहे. आग लागली की मी जागेवर सापडले पाहिजे, आणि भरलेली सापडले पाहिजे. भरलेलं राहायचं आणि वाट बघायची, एवढंच माझं काम.

मी आले एका सुतारकामाच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, वर पत्रे, मधे मोठी करवत, कोपऱ्यात सरस तापवायची शेगडी आणि सगळीकडे भुसा. केसात भुसा, डब्यात भुसा, चहात भुसा. भिंतीला एक लोखंडी दांडा, त्याला आम्ही तिघी टांगलेल्या. दोघींच्या पोटात वाळू, माझ्या पोटात पाणी. आणि टांगलेल्या चांगल्या उंच, माणसाच्या डोक्याच्याही वर, फळ्या नेता-आणताना धक्का लागू नये म्हणून. हे उंच टांगणं लक्षात ठेवा हां. सगळा घोळ तिथेच झाला.

सुरुवातीला मला कुणी विचारतही नव्हतं. आणि मग एक दिवस करवतीच्या पात्याला लाकडातला खिळा लागला, ठिणगी उडाली आणि भुशाचा ढीग पेटला! सगळे नुसतेच ओरडायला लागले. मिस्त्री मात्र ओरडले नाहीत. मिस्त्री म्हणजे कारखान्याचे मालक, पांढऱ्या मिशांचे, चष्मा कायम कपाळावर. त्यांनी उडी मारून मला ओढलं आणि भसकन ओतलं. विझलं! काय कौतुक झालं म्हणून सांगू माझं! मिस्त्रींनी मला नवा लाल रंग दिला, वर पांढऱ्या अक्षरात 'आग' असं लिहिलं, आणि सगळ्यांना दम भरला, "आजपासून आधी बादली, मग करवत. सकाळी हिच्यात मगभर पाणी पडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि आग लागल्याशिवाय हिला कुणी खाली काढायची नाही. समजलं?"

तेव्हापासून रोज तेच. कुणीतरी मग भरायचा, हात उंच करायचा, काठावरून ओघळ आला की "भरली!" म्हणून ओरडायचं. जास्त करून हे काम वहिनी करायच्या. वहिनी म्हणजे मिस्त्रींची सून. पॉलिशचं काम त्यांच्याकडे, आणि त्यांचं टेबल बरोबर माझ्या खाली. त्या माझ्याशी बोलायच्यासुद्धा. "प्या बादलीबाई, प्या. तुमचं पाणी झालं की आमचा चहा."

मला केवढा अभिमान वाटायचा! पण तुमच्या लक्षात आलं का, मित्रांनो? रोज पाणी घालत होते. काढत कुणीच नव्हतं. आत बघत तर कुणीच नव्हतं.

आणि मग ती आली. अंगावर काळे-पांढरे पट्टे, पाय सुतासारखे. डासाची मादी. पत्रे तापले की माझं पाणी थोडं उतरायचं, आणि आतली बाजू ओलसर राहायची. तिथे, पाण्याच्या जरासं वर, तिने अंडी चिकटवली. अंडी कसली, खसखशीहून बारीक काळे ठिपके. मला वाटलं, चिकटू देत, सुकून जातील. पण सकाळी वहिनींनी मग ओतला, पाणी चढलं, अंडी भिजली आणि फुटली! म्हणजे बघा, ज्या पाण्याने माझा मान राखायचे, त्याच पाण्याने ती अंडी जागी व्हायची.

माझ्या पोटात वळवळायला लागलं. बारीक अळ्या, डोकं खाली, शेपूट वर. मगाची सावली पडली की सगळ्या सुळकन तळाशी, माझ्या त्या गोल बुडात. ओघळ जायचा तो वरच्या स्वच्छ पाण्याचा. "भरली!" आणि चालू करवत. मला ओरडावंसं वाटायचं, पण मला तोंड आहे ते नुसतं पाणी घ्यायला.

तरी एक सांगते, डास जन्मला म्हणून लगेच आजार आला असं नाही. त्याच्याकडे व्हायरस असावा लागतो, आणि तो त्याला मिळतो तापाने फणफणलेल्या माणसाच्या रक्तातून. म्हणून मी रोज मनात म्हणायची, कुणी तापात कामावर येऊ नका, येऊ नका रे बाबांनो.

आणि लांबू आलाच की! लांबू म्हणजे रंधा मारणारा, एवढा उंच की दारातून वाकून यायचा. अंगात ताप, डोळे लाल. मिस्त्री म्हणाले, "घरी जा की रे." तर म्हणतो कसा, "घरी झोपलो की बायको काढा पाजते मिस्त्री, त्यापेक्षा ताप बरा." सगळे हसले. मी नाही हसले. तो माझ्याखाली खोक्यावर टेकला होता, पॅंट गुडघ्यापर्यंत वर करून, आणि पट्टेवाल्या भर दिवसा त्याच्या पोटऱ्यांवर बसत होत्या. एक उठली की दुसरी.

दुसऱ्या दिवशी लांबू दवाखान्यात. डेंग्यू. तो बरा झाला, पण दोन-तीन आठवड्यांनी फळ्या उतरवणारा पडला, आणि त्याच्या मागोमाग हिशेब बघणारे काका.

आता मात्र कारखान्यात घबराट. नर्सबाई आल्या, तपासणीच्या. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. म्हणाल्या, "व्हायरसला स्वतःचे पाय नसतात. तो कुणाच्या तरी जिवावर फिरतो. कुठला डासावर, कुठला गोचिडीवर, कुठला उंदरावर. हा तुमचा डासावर बसून आलाय. साठलेलं पाणी कुठेय, तेवढं दाखवा."

त्यांनी पिंप बघितलं, कुलरची टाकी बघितली, रंगाचे रिकामे डबे उलटे करून घेतले. मग टॉर्च वर केला. थेट माझ्यावर! मला वाटलं, सुटले एकदाची!

"आणि त्या तीन बादल्या?"

"त्यांना हात नाही लावायचा, बाई," मिस्त्री म्हणाले. "ते आगीचं पाणी आहे. रोज ताजं घालतो आम्ही."

"रोज?"

"एक दिवस चुकत नाही. विचारा कुणालाही."

आणि वहिनीच मान हलवून म्हणाल्या, "मीच घालते ना. नळाचं असतं, एकदम स्वच्छ." टॉर्च खाली गेला. मित्रांनो, त्या क्षणी माझी जी तगमग झाली!

नर्सबाई गेल्यावर तर नुसती धांदल. मिस्त्री ऐकतात तेवढं सगळं करणारे माणूस. गोचीड म्हटल्या म्हणून दारातल्या कुत्र्याला धरून आंघोळ घातली, त्याच्या कानातून गोचिडी काढून घेतल्या. उंदीर म्हटल्या म्हणून भिंतीची बिळं बुजवली, भुसा ओला करून, तोंडाला फडकं बांधून लेंड्या पुसून काढल्या. वाईट काही नव्हतं त्यात, करायलाच हवं होतं. बाहेरच्या गटारात औषधही ओतलं. लांबू म्हणाला, "मिस्त्री, कारखाना इतका चकाचक झालाय की आता चप्पल बाहेर काढावी लागणार." आणि रोज सकाळी, सगळ्यात आधी, माझ्यात मगभर पाणी! आग सोपी असते हो. दिसते, वास येतो, माणूस पळत येतो. हे मात्र माझ्या पोटात गुपचूप चाललं होतं.

वहिनी खालीच बसायच्या. बसल्या बसल्या एका पायाने दुसरा पाय खाजवायच्या. मी नुसती बघायची.

आणि एका दुपारी त्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं. "बाबा, डोळ्यांच्या मागे ठणकतंय हो," त्या मिस्त्रींना म्हणाल्या. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. कारण वहिनींना लग्नाआधी एकदा डेंग्यू होऊन गेला होता, आणि दुसऱ्यांदा झाला तर तो जास्त अंगावर येऊ शकतो, हे नर्सबाई सांगून गेल्या होत्या.

त्यांना दवाखान्यात ठेवलं. माझ्याखालचं टेबल रिकामं. मिस्त्री काम करायचे, पण लक्ष सगळं फोनकडे. एकदा सरस शेगडीवर ठेवलाय आणि फोन वाजला. पलीकडून त्यांचा मुलगा बोलत होता.

"प्लेटलेट्स किती म्हणालास? कालच्यापेक्षा कमी?... अरे, मोठ्याने बोल!... हिरड्यांतून रक्त? डॉक्टर काय म्हणतायत?"

बोलत बोलत ते दाराशी गेले. शेगडीजवळचं फडकं तापलं, धुरकटलं आणि पेटलं! जळता तुकडा खालच्या भुशात पडला. लांबू ओरडला, "मिस्त्री! आग!" मिस्त्रींनी फोन टाकला, धावत आले, मला दांड्यावरून ओढलं आणि सगळीच्या सगळी ओतली.

विझलं. चर्र झालं, धूर झाला, सगळे खोकले. "वाह रे बादली!" कुणीतरी म्हणालं. पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. शेगडीच्या शेजारी कपाटाचं एक दार भिंतीला टेकवून ठेवलेलं, नुकताच पांढरा प्रायमर मारून वाळवलेलं. माझं निम्मं पाणी त्याच्यावर उडालं होतं. पांढऱ्याशुभ्र दारावर पाण्याचे ओघळ, आणि त्या ओघळांत...

"मिस्त्री," लांबू वाकून बघत म्हणाला, "हे वळवळतंय काय?"

मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. दाराजवळ गेले. बघितलं. मग मला उलटं धरलं, आत बोट फिरवलं. बोटाला काळे ठिपके लागले. खाली पडलेल्या फोनमधून मुलाचा आवाज येत होता, "बाबा? बाबा, काय झालं? ऐकताय ना?"

मिस्त्री मटकन वहिनींच्या स्टुलावर बसले. "हिचं पाणी चुकू दिलं नाही रे," एवढंच म्हणाले.

नर्सबाई पुन्हा आल्या. मला वाटलं, आता मिस्त्रींना चांगलं झापणार. त्या म्हणाल्या, "मीही वर चढून बघायला हवं होतं. आता ऐका. नुसतं ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. आठवड्यातून एकदा रिकामी करायची, ब्रशने आतून खरवडून घासायची, वाळवायची, मग भरायची. वर घट्ट झाकण. आणि ताप आलेला माणूस मच्छरदाणीत, कामावर नाही." हे शेवटचं लांबूकडे बघून.

"पण घासायची कशी? ही खाली उभीच राहत नाही," लांबू म्हणाला.

मिस्त्री उठले. सागाचा एक तुकडा घेतला आणि त्यातून एक गोल कडं कापलं, बरोबर माझ्या बुडाच्या मापाचं. जन्मात पहिल्यांदा मी जमिनीवर उभी राहिले, मित्रांनो! पण आनंद कसला व्हायचा? वहिनींचं काही कळत नव्हतं. फोन वाजला की करवत थांबायची. मिस्त्री ऐकायचे, "हं" म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. त्या "हं"मधून काहीच समजायचं नाही.

मग एकदा "हं"च्या ऐवजी मिस्त्री म्हणाले, "वाढल्या? खरंच वाढल्या?" आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. डोळ्यांत भुसा गेला म्हणाले.

वहिनी आल्या तेव्हा किती बारीक झाल्या होत्या! बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं बादलीबाई, पोटात एवढं चाललं होतं आणि तू गप्प?"

आता माझ्यावर लाकडी झाकण आहे. दर आठवड्याला मला कड्यावर उतरवतात, घासतात. तरी माझ्या जिवाला घोर असतोच. काठाच्या दुमडीत ब्रश गेला का? एखादा ठिपका राहिला का? मागच्या आठवड्यात घाईचं काम आलं होतं. गाडी दाराशी उभी. मिस्त्री म्हणाले, "राहू दे, घासू उद्या. एका दिवसाने काय होतंय?" आणि बटण दाबलं. करवत फिरायला लागली.

वहिनी आपल्या टेबलावरून उठल्या. शांतपणे गेल्या आणि बटण बंद केलं.

"आधी बादली, बाबा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्वतःच ब्रश शोधायला लागले.

मित्रांनो, तुमच्याकडेही असेल कुणीतरी माझ्यासारखी. फ्रिजच्या मागे, कुंडीच्या खाली, गच्चीच्या कोपऱ्यात, नाहीतर मान देऊन उंच टांगलेली. तिला बोलता येत नाही हो. तुम्हीच तिला खाली काढा, आणि आत हात घालून बघा.